बिनपासिंगची ई-सायकल : लायसन, हेल्मेट, दंड, चार्जिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शोरूममध्ये एकच वाक्य कानावर पडतं: "पासिंग नाही, लायसन नाही, काही नाही, बिनधास्त चालवा." वाक्य खोटं नाही, पण त्याच्या मागे अटी आहेत आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. खालची माहिती महाराष्ट्रापुरती लिहिली आहे. मूळ नियम मात्र केंद्राचा आहे, त्यामुळे गोव्यात, बेळगावात किंवा इंदूरलाही तोच लागू होतो.

ई-सायकलला पासिंग आणि लायसन लागतं का?

गाडी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) च्या अटींत बसत असेल तर लागत नाही. कारण तेव्हा कायद्याच्या नजरेत ती 'मोटार वाहन'च नसते. मोटार वाहन नाही म्हटल्यावर नोंदणी, नंबरप्लेट, लायसन, थर्ड पार्टी विमा, रोड टॅक्स हे सगळं आपोआप गळून पडतं.

अटी थोडक्यात अशा. मोटरची 'तीस मिनिटांची शक्ती' ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. पेडल असिस्टची, म्हणजे पेडल मारताना मोटर मदत करते अशी, सायकल असेल तर वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत कमी होत गेली पाहिजे आणि २५ ला, किंवा त्याआधी पेडल मारणं थांबवलं तर तिथेच, ती पूर्ण बंद झाली पाहिजे. ब्रेक योग्य हवेत. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. शेवटची अट सगळ्यात जास्त विसरली जाते: हे सगळं नियम १२६ मध्ये नाव असलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असलं पाहिजे.

म्हणजे तुमची मोटर खरोखर २५० वॅटच्या आत आहे, वेगही २२ च्या वर जात नाही, पण चाचणी संस्थेचा कागद नाही, तर सूट सांगायला तुमच्या हातात काही उरत नाही. रिफ्लेक्टरचंही तसंच. 'लूक' बिघडतो म्हणून ते काढून टाकणारे बरेच आहेत. ते सूट मिळवून देणारी एक अट स्वतःच्या हाताने काढत असतात.

खोक्यावर २५० वॅट आणि जाहिरातीत ५०० वॅट 'पीक' लिहिलंय. मग नक्की कोणता आकडा धरायचा?

नियम तीस मिनिटांची शक्ती मोजतो, म्हणजे मोटर सलग अर्धा तास जेवढी शक्ती देऊ शकते तेवढी. चढावर किंवा सिग्नल सुटताना काही सेकंद ती याहून बरीच जास्त शक्ती देते. ३६ व्होल्टच्या सायकलवर कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट जायचा ते ठरवणारा डबा, १४ अँपिअरपर्यंत करंट सोडत असेल तर त्या क्षणी बॅटरीतून ५०० वॅटच्या आसपास ओढले जातात. हे बेकायदा नाही. बेकायदा तेव्हा, जेव्हा मोटरच ५०० वॅट सततच्या क्षमतेची असते आणि तिच्यावर २५० चं स्टिकर असतं. बाहेरून बघून हा फरक कळत नाही, म्हणून तर प्रमाणपत्रावरचा मोटरचा मॉडेल क्रमांक आणि हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी मोटर असते तिथे, कोरलेला क्रमांक जुळवून बघायचा.

माझी गाडी सायकल नाही, स्कूटरसारखी दिसते. हिलाही सूट आहे?

असू शकते. नियम आकार बघत नाही. मुलं शाळेला घेऊन जातात ती छोटी लो-स्पीड स्कूटर २५० वॅट आणि २५ च्या आत असेल आणि तशी प्रमाणित असेल, तर ती सूट मिळालेलीच गाडी आहे. उलट, पेडल आहेत म्हणून कुठलीही गाडी सायकल ठरत नाही. शोभेची पेडल लावलेल्या आणि ताशी ४५ ने पळणाऱ्या गाड्याही बाजारात आहेत.

सायकलला हँडलवर अ‍ॅक्सिलरेटर आहे. चालतो का?

इथे खरी गुंतागुंत आहे. पेडल असिस्टच्या कलमात पेडल थांबलं की मोटर थांबली पाहिजे, असं स्पष्ट आहे. अ‍ॅक्सिलरेटर पिळून नुसतं बसून जाता येत असेल तर ती गाडी या कलमात बसत नाही. तिला लो-स्पीड वाहनाच्या अटींखाली प्रमाणित केलेलं असायला हवं. त्यामुळे 'अ‍ॅक्सिलरेटर चालतो का' याचं उत्तर गाडीच्या कागदात असतं: चाचणीला गेलेलं मॉडेल अ‍ॅक्सिलरेटरसहित होतं का? दुकानदाराने दोनेकशे रुपये घेऊन नंतर बसवून दिला असेल तर ते मॉडेल चाचणीला गेलेलं मॉडेल राहिलं नाही.

ढकलत नेताना ताशी ५-६ किलोमीटरने मदत करणारा 'वॉक मोड' वेगळा. त्याला अ‍ॅक्सिलरेटर म्हणत नाहीत.

विकत घेताना नेमकं काय मागायचं?

चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. या संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत: पुण्याच्या कोथरूडमधली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. हरियाणात मानेसरला आयकॅट आहे. प्रत हातात आली की चार गोष्टी बघा: मॉडेलचं नाव आणि व्हेरिएंट, मोटरची शक्ती, कमाल वेग, आणि बॅटरीचा व्होल्टेज. शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबा. प्रमाणपत्र ३६ व्होल्टच्या बॅटरीचं आणि गाडीत ४८ व्होल्टची, हा प्रकार नेहमीचा आहे. "रेंज जास्त मिळते" असं सांगून मोठी बॅटरी घातली जाते आणि व्होल्टेज वाढला की त्याच मोटरचा वेगही वाढतो.

बिलावर फ्रेम नंबर, मोटर नंबर आणि बॅटरीचा सिरियल नंबर, तिन्ही लिहून घ्या. "बिल नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो" याला हो म्हणू नका. गाडी चोरीला गेली किंवा पोलिसांनी ओढून नेली तर आरसी बुक नसलेल्या गाडीची मालकी सिद्ध करायला बिल हा एकमेव कागद असतो.

कोऱ्या हिरव्या प्लेटवर 'ई-व्ही' किंवा दुकानाचं नाव रंगवून देतात, ती घेऊ नका. हिरव्या प्लेटवर पांढरे आकडे ही नोंदणी झालेल्या खासगी इलेक्ट्रिक गाडीची खूण आहे. सूट असलेल्या गाडीला प्लेटच लागत नाही, आणि अर्धवट प्लेट बघून हवालदाराला संशय येणं साहजिक आहे.

दुकानदार म्हणतो, 'लिमिट' काढून देतो, ४० पर्यंत जाईल. काय बिघडतं?

कायद्याने बघितलं तर त्या क्षणी तुमची सायकल बिनपासिंगची, बिनविम्याची मोटारसायकल होते. २०२२ मध्ये परिवहन आयुक्त कार्यालयाच्या आदेशावरून राज्यभरच्या आरटीओंनी अशा वेग वाढवलेल्या गाड्यांवर मोहीम काढली होती, ती याच कारणासाठी.

तांत्रिक बाजूही दुकानदार सांगत नाही. कंट्रोलरमधून जास्त करंट जायला लागतो आणि त्या करंटच्या मानाने बारीक असलेल्या फेज वायरी, म्हणजे कंट्रोलरकडून मोटरकडे जाणाऱ्या वायरी, तापतात. आधी इन्सुलेशन मऊ होतं, मग दोन वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात आणि चाक एकदम जड होतं, चालत्या गाडीत. गिअर असलेल्या हब मोटरमध्ये नायलॉनचे तीन छोटे गिअर असतात. जास्त ताकदीने त्यांचे दात झिजतात आणि 'करकर' आवाज करत मोटर नुसती फिरते. बॅटरीतलं संरक्षक सर्किट मर्यादेबाहेर करंट गेला की पुरवठा तोडतं, नेमकं पुलाच्या चढावर, मागे बस असताना. वॉरंटी तर तेव्हाच गेलेली असते.

ब्रेकचा हिशेब करून बघा. ताशी २५ ने जाताना एका सेकंदात गाडी साधारण ७ मीटर जाते. तुम्हाला धोका दिसून बोट लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरा, त्यानंतर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागले तर आणखी ६ मीटर. एकूण १३. तोच वेग ४० केला तर २६ ते २७ मीटर लागतात. वेग दीडपटीहून थोडा जास्त, थांबायचं अंतर दुप्पट, आणि टायर, ब्रेक, फ्रेम तीच.

सेकंडहँड घेतोय. आधीच्या मालकाने छेडछाड केली आहे का, कसं ओळखायचं?

तीन जागा बघा.

पहिली, डिस्प्लेची सेटिंग. बऱ्याच डिस्प्लेत दोन बटणं एकत्र दाबून धरली की आतला मेन्यू उघडतो. त्यात चाकाचा व्यास आणि वेगमर्यादा असते. चाक २६ इंची आणि सेटिंगमध्ये २० भरलेलं असेल तर कंट्रोलर फसतो. त्याच्या हिशेबाने २५ झाले तेव्हा खरा वेग साडेबत्तीस असतो, आणि डिस्प्लेवर मात्र निरागसपणे २५ च दिसतं.

दुसरी, कंट्रोलरचा डबा. स्वस्तातल्या अनेक कंट्रोलरमधून वेगमर्यादेसाठीच्या वायरीचा छोटा जोड बाहेर आलेला असतो, बहुधा पांढरा. तो कापलेला, पिळून टेप लावलेला दिसला किंवा डब्यावरचं सील तुटलेलं असलं तर सरळ विचारा.

तिसरी, प्रत्यक्ष रस्ता. सपाट, रिकाम्या रस्त्यावर मोबाइलमधलं जीपीएस स्पीडोमीटर लावा, असिस्ट सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवा, दहा सेकंद स्थिर वेग ठेवून आकडा वाचा. मग उलट दिशेनेही तेच करा, वारा आणि उतार वजा व्हायला. २४-२५ ला मोटरचा ढकला मेल्यासारखा वाटला पाहिजे आणि पुढचं सगळं पायांवर आलं पाहिजे. ३० च्या पुढेही मोटर ओढत असेल तर तो सौदा सोडा. उतारावर किंवा स्वतःच्या पायांनी २५ च्या वर जाणं हा गुन्हा नाही. मर्यादा मोटरच्या मदतीला आहे.

पकडलं तर दंड किती?

गाडी सूट मिळण्याच्या अटींत बसत नसेल तर कलमं एकावर एक लागतात. नोंदणी नसणं, कलम १९२: पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये. लायसन नसणं, कलम १८१: ५,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा नसणं, कलम १९६: पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लायसन नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० वेगळं. मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. हे केंद्रीय कायद्यातले आकडे आहेत. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य ठरवतं. शिवाय कलम २०७ खाली गाडी जप्त होऊ शकते.

त्याच १८२अ मध्ये अप्रमाणित गाडी विकणाऱ्या विक्रेत्याला दर गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. 'लिमिट काढून देतो' म्हणणाऱ्याला हे नम्रपणे सांगून बघा.

मुलगी नववीत आहे. तिला शाळेसाठी देऊ का?

सूट असलेल्या गाडीला कायद्यात वयाची अट नाही. पण 'सूट असलेली' हे शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचे. गाडी मोटार वाहन निघाली आणि मुलगी अठराच्या आतली असली, तर कलम १९९अ लागतं: पालकांना किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी असेल तर ती बारा महिने रद्द, आणि मुलीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. शाळेच्या गेटबाहेर ज्या गाड्या दिसतात त्यातल्या कित्येकांच्या पालकांनी प्रमाणपत्र बघितलेलंही नसतं.

द्यायची ठरवली तर असिस्टच्या पातळ्या लॉक करता येतात का बघा आणि पहिला महिना सगळ्यात खालची ठेवा. आधी बिनमोटरच्या सायकलने तोच रस्ता तिने केलेला असू दे. दप्तर पाठीवर नको, मागच्या कॅरिअरवर पट्ट्याने बांधा. चढावर एकदम मोटर लागली की पाठीवरचं वजन मागे खेचतं. डबलसीट नाहीच. कॅरिअर सहसा २५ किलोच्या आसपास वजन पेलणारा असतो, मैत्रीण त्यापेक्षा जड असते.

हेल्मेट सक्तीचं आहे?

सूट असलेल्या गाडीला नाही. कलम १२९ मोटारसायकलला लागू होतं. तरीही घाला. २५ च्या वेगाने डोकं दुभाजकावर आदळलं तर कलम कुठलं लागू होतं याने फरक पडत नाही. जाळीदार सायकल हेल्मेट चालेल, फक्त पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका घट्ट हवा.

अपघात झाला तर विम्याचं काय?

दोन बाजू वेगळ्या करून बघू.

कारने तुम्हाला उडवलं, तर तुम्ही सायकलस्वार म्हणून त्या कारच्या थर्ड पार्टी विम्यातून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकता. इथे तुमची गाडी सूट असलेली असणं फार उपयोगी पडतं. ती वाढवलेली निघाली तर कारच्या विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तेच काढणार: बिनलायसन, बिनपासिंगची मोटारसायकल चालवत होते.

तुम्ही कुणाला उडवलंत, तर भरपाईचा प्रश्न तुमच्या खिशावर येतो, कारण मागे विमा कंपनी नाही. फौजदारी बाजूही आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ निष्काळजीपणे 'कुठलंही वाहन' चालवण्याबद्दल आहे, त्यात सायकल सुटत नाही. मृत्यू झाला तर कलम १०६, कैद पाच वर्षांपर्यंत. म्हणून स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमा घ्याच, आणि दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची जबाबदारी उचलणारी पॉलिसी मिळते का तेही एजंटला विचारा.

सायकल आहे म्हणजे सिग्नल, एकेरी मार्ग लागू नाहीत ना?

लागू आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली रहदारीचे आदेश काढले जातात, ते सगळ्या वाहनांसाठी असतात. उलट दिशेने येणारी ई-सायकल साध्या सायकलपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण समोरच्याला दिसते सायकल आणि येते स्कूटरच्या वेगाने, तीही आवाज न करता. पेठांमधल्या किंवा दादरच्या गल्लीतून जाताना घंटी आधीपासून वाजवत जा.

कुठे नेता येते, कुठे नाही?

सायकल ट्रॅकवर सूट असलेली ई-सायकल चालते. हिरव्या प्लेटची स्कूटर नाही, मग ती कितीही हळू जावो. बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव, मार्गिकेत दोन्ही नाहीत.

मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड आणि अटल सेतू सायकल आणि दुचाकीला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही. जुना मुंबई-पुणे रस्ता खुला आहे, पण बोरघाटात २५० वॅटची हब मोटर सलग चढाने तापते. मधे दोनदा थांबून हबला हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर वीस मिनिटं विश्रांती.

माथेरानला 'इलेक्ट्रिक आहे, धूर नाही' हा युक्तिवाद करू नका. तिथल्या ई-रिक्षासुद्धा सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर आल्या. दस्तुरी नाक्यावर विचारल्याशिवाय काही वर नेऊ नये.

पोलिसांनी अडवलं तर काय दाखवायचं?

बिलाची आणि प्रमाणपत्राची प्रत. दोन्ही मोबाइलमध्ये असू द्या आणि एक लॅमिनेट केलेली प्रत सीटखाली. गाडी बाजूला घ्या, उतरा, हबवरचा मोटर नंबर स्वतः दाखवा आणि "साहेब, नियम २(यू) प्रमाणे सूट आहे, हा चाचणीचा कागद" एवढंच म्हणा. बऱ्याच हवालदारांना रोज वाढवलेल्या गाड्याच दिसतात, त्यामुळे सुरुवातीला विश्वास बसत नाही. प्रकरण वाढलं तर मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी करावी अशी विनंती करा. ई-चलान आलंच तर पैसे भरण्याआधी ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि तिला हीच दोन कागदपत्रं जोडा.

जुन्या सायकलला किट बसवून घेतलं तर?

किट २५० वॅटचं असलं तरी तुमची जुनी सायकल अधिक ते किट, अशी जोडी चाचणी संस्थेकडे गेलेली नसते. म्हणजे प्रमाणपत्राची अट अपुरी राहते. रस्त्यावर बहुतेक वेळा कुणी अडवत नाही हे खरं, पण अपघातानंतर हा प्रश्न विचारला जातो.

बसवायचंच असेल तर मागच्या चाकाचं किट घ्या. पुढचा फोर्क अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्यात हब मोटर मुळीच नको. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा आस उलट्या दिशेने फिरायला बघतो. आस बसतो त्या खाचेचे ओठ हळूहळू फाकतात आणि एक दिवस चाक निसटतं. म्हणून मागेसुद्धा टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फ्रेमशी जखडणारी स्टीलची पट्टी, लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. रिमला घासणाऱ्या ब्रेकवर २५ चा वेग पावसात आवरत नाही, किमान पुढे डिस्क हवा. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आरे ढिले पडतात, ते एकदा कसून घ्या.

भाऊ अमेरिकेहून ई-बाइक पाठवतोय. चालेल?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ७५० वॅटपर्यंत आणि ताशी २० ते २८ मैलांपर्यंत ई-बाइकला सायकल मानतात. २८ मैल म्हणजे ४५ किलोमीटर. इथे ती सरळ मोटार वाहन आहे. युरोप आणि ब्रिटनची मर्यादा आपल्यासारखीच २५० वॅट आणि २५ किलोमीटरच्या घरात आहे, तरी चाचणी संस्थेचा कागद लागणारच. शिवाय बॅटरी सामानात आणता येत नाही. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची, आणि परवानगीने १६० पर्यंतची बॅटरी चालते. साधी ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-अवरची पॅक २८० च्या वर जाते.

ई-बाइक टॅक्सीला परवानगी मिळाली ना? मग माझ्या सायकलवर भाडं मारू का?

नाही. राज्याने २०२५ मध्ये मान्यता दिली ती नोंदणी झालेल्या इलेक्ट्रिक दुचाकींच्या टॅक्सीसाठी. नाव सारखं आहे, गाडी वेगळी.

सोसायटीत चार्ज करायला देत नाहीत. वीज किती जाते?

फारच थोडी. ४२ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर शंभर वॅटच्या आसपास ओढतो, ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी साडेचार-पाच तासांत भरते आणि साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. तरी कॉमन मीटरच्या प्लगवर परस्पर लावू नका, समितीला पत्र देऊन दरमहा ठराविक रक्कम ठरवून घ्या. बॅटरी निघणारी असेल तर घरी न्या, तो वादच संपतो. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडणं हे दोन्हीपेक्षा वाईट.

घरातली जागा नीट निवडा. दारापाशी, जिन्यात किंवा झोपायच्या खोलीत नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. फरशीवर, पडद्यापासून लांब, माणसं जागी असताना. गाडी चालवून आल्यावर अर्धा तास थांबून मग चार्जर लावा. चंद्रपूर-नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची काळी बॅटरी हात भाजेल इतकी तापते, ती आधी सावलीत गार होऊ द्या.

३६ व्होल्टच्या बॅटरीला ४८ व्होल्टचा चार्जर लावू नका, प्लग बसत असला तरी. तो ५४.६ व्होल्ट देतो आणि पॅकला ४२ च्या वर एकही नको असतो. आणखी एक धोका फारसा कुणाला माहीत नसतो. बॅटरी चार-सहा महिने न वापरता रिकामी पडली की सेल ठराविक व्होल्टेजच्या खाली जातात आणि आतलं तांबं विरघळायला लागतं. कुणीतरी ती 'जंप' देऊन जिवंत करतो, ती चार्जही होते, आणि मग ते तांबं आत भलत्या जागी साठून शॉर्ट होतं. गावी जाताना बॅटरी अर्धी भरून ठेवा, दर दोन महिन्यांनी बघा.

फुगलेला डबा, गोडसर रासायनिक वास, फुसफुस आवाज, यातलं काहीही दिसलं तर घरातली सगळी माणसं बाहेर, जाता जाता जमलं तर मेन स्विच बंद, आणि १०१ किंवा ११२.

पावसाळ्यात चालवावी का?

हो, पण पाण्यातून नाही. पाणी हबच्या मध्यापर्यंत आलं की आसातल्या वायरच्या भोकातून आत जातं. वायर आसातून निघून आधी खाली झुकेल आणि मग वर जाईल अशी बांधा, म्हणजे थेंब खालीच गळतो. प्रेशर वॉशर कधीच नको. ओल्या रस्त्यावर असिस्ट दोन पातळ्या खाली. पांढऱ्या पट्ट्यावर आणि गटाराच्या झाकणावर वळताना मोटर लागली तर मागचं चाक सरकतं.

ब्रेक लिव्हरमध्ये मोटर तोडणारा छोटा स्विच असतो, तो पावसाळ्यात गंजतो. महिन्यातून एकदा मागचं चाक उचलून पेडल हाताने फिरवा, मोटर लागली की एक लिव्हर किंचित दाबा. मोटर त्याच क्षणी थांबली पाहिजे. मग दुसरी लिव्हर. थांबत नसेल तर त्या दिवशी गाडी काढू नका. डिस्कचे पॅड एक मिलिमीटरच्या खाली गेले की बदला, जोडी दोनेकशे-तीनशेत येते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली तर चालेल?

नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. डीलरकडे द्या आणि पोच घ्या. देण्याआधी दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप लावा, कारण पिशवीत किल्ल्यांबरोबर पडलेली 'मेलेली' बॅटरीसुद्धा ठिणगी पाडण्याइतकी जिवंत असते.